डॅन्यूबवरची क्रूझ, काठची शहरं आणि संग्रहालयं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपात नदीवरच्या क्रूझ बऱ्याच आहेत. इथे फक्त डॅन्यूबच्या पासाऊ ते बुडापेस्ट या टप्प्याबद्दल लिहिलं आहे. पहिल्यांदा जाणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हाच मार्ग येतो, आणि संग्रहालयांची आवड असेल तर यापेक्षा श्रीमंत आठवडा नदीवर दुसरा नाही. अंतर साधारण ५८० किलोमीटर, देश चार: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, हंगेरी.

समुद्रावरची क्रूझ केली आहे. ही तशीच असते का?

नाही. हे जहाज लहान असतं. लांबी फार तर १३५ मीटर, रुंदी साडेअकरा मीटरच्या आत आणि प्रवासी दीडशे ते एकशेनव्वद. यामागे ऱ्हाइन, माइन आणि डॅन्यूब या नद्या जोडणारा, १९९२ साली पूर्ण झालेला कालवा आहे. त्याची जलपाशं (लॉक, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून जहाज वर-खाली नेणारे कप्पे) फक्त १२ मीटर रुंद आहेत, म्हणून जहाजं त्या मापानेच बांधतात. कॅसिनो, जलतरण स्पर्धा, मोठमोठे शो यातलं काही नसतं. बोट लागण्याची भीती नको, कारण पाणी हलल्याचं जाणवतच नाही.

ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबवर ओळीने जलविद्युत केंद्रं आहेत आणि प्रत्येकाशी एक लॉक. जहाज बहुतेक वेळा ती रात्री पार करतं. मध्यरात्री जाग आली आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर काँक्रीटची ओली, शेवाळलेली भिंत दिसली तर घाबरू नका. पाणी उतरत असतं आणि तुमची खोली त्याच्याबरोबर खाली जात असते. एकदा तरी झोप मोडून डेकवर जाऊन हे बघा.

एक गंमत: डॅन्यूबचे किलोमीटर उगमापासून मोजत नाहीत, मुखापासून मोजतात. त्यामुळे पासाऊला २२२६ असलेला आकडा काठावरच्या पाट्यांवर कमी कमी होत बुडापेस्टला १६४७ वर येतो.

एका आठवड्यात इतकी शहरं, मग संग्रहालयांना वेळ कुठून मिळणार?

वेळ कमीच मिळतो. जहाज शहराच्या जवळ लागतं आणि बॅग रोज भरावी लागत नाही, हा फायदा मोठा आहे. पण एका थांब्याला चार ते आठ तास मिळतात, त्यातले दोन-अडीच कंपनीच्या पायी फेरीत जातात. तेव्हा एका शहरात एकच संग्रहालय धरा. व्हिएन्नात दोन.

निवड कशी करायची, यावर माझं मत ठाम आहे. ज्या वस्तूंचं या नदीशी नातं आहे त्या आधी बघा. सकाळी जहाजातून जे गाव मागे टाकलं तिथल्या मातीत सापडलेली मूर्ती दुसऱ्या दिवशी व्हिएन्नात काचेमागे दिसते, तेव्हा संग्रहालय आणि प्रवास वेगळे राहत नाहीत. 'जगातल्या दहा प्रसिद्ध गोष्टी' छापाची यादी घेऊन धावलात तर फोटो भरपूर येतील आणि महिन्याभराने कोणता महाल कुठला ते सांगता येणार नाही.

जहाजाची तारीख ठरवताना काय बघावं?

वार. खोलीला बाल्कनी आहे का, हे सगळे विचारतात. व्हिएन्नात सोमवार पडतोय की मंगळवार, हे कोणी विचारत नाही.

व्हिएन्नाचं कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम, म्हणजे कलेच्या इतिहासाचं मोठं संग्रहालय, उन्हाळ्याचे जून ते ऑगस्ट हे महिने सोडले तर सोमवारी बंद असतं. त्याच्या समोरचं निसर्गविज्ञानाचं संग्रहालय मंगळवारी बंद. हॉफबुर्ग राजवाड्यातला शाही खजिनाही मंगळवारीच बंद. बुडापेस्टची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात, आणि डोहानी रस्त्यावरचं १८५९ सालचं भव्य सिनेगॉग शनिवारी. आता समजा, तुमचं जहाज व्हिएन्नाला मंगळवारी सकाळी लागून संध्याकाळी सुटतंय. मग निम्मी यादी तिथेच खोडायची.

उलट बाजूही आहे. कलासंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, आल्बर्टिना नावाचं दुसरं कलादालन बुधवारी आणि शुक्रवारी तसंच. जहाज रात्रभर व्हिएन्नात थांबणार असेल तर सगळे जेवणावर बसलेले असताना तुम्ही जवळजवळ रिकाम्या दालनात असाल. त्यासाठी एक जेवण गेलं तर जाऊ द्या. वेळा बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधीच्या आठवड्यात प्रत्येक संग्रहालयाचं संकेतस्थळ एकदा बघून घ्या. १ मे आणि १५ ऑगस्ट या ऑस्ट्रियातल्या सुट्ट्याही लक्षात ठेवा. त्या दिवशी दुकानं बंद असतात.

संग्रहालयांची तिकिटं क्रूझच्या पैशांत येतात का?

सहसा पायी फेरी आणि मेल्कचा मठ येतो. बाकीचं 'ऐच्छिक सहल' म्हणून जादा पैशांत विकलं जातं. व्हिएन्नात आणि बुडापेस्टमध्ये ते घ्यायची गरज नाही. मेट्रो सोपी आहे, तिकीट आधी ऑनलाइन काढता येतं. माउटहाउझेनची छळछावणी आणि साल्झबुर्ग शहर यांसाठी मात्र कंपनीची बस सोयीची. उशीर झालाच तर कंपनीच्या बससाठी जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

ऑस्ट्रियाच्या सरकारी संग्रहालयांत १९ वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, परदेशी मुलांनाही. मोठ्यांचं तिकीट वीस युरोंच्या आसपास पडतं.

पासाऊमध्ये जहाजावर चढायच्या आधी काय बघावं?

इथे तीन नद्या मिळतात: डॅन्यूब, आल्प्सचं फिकट हिरवट पाणी घेऊन येणारी इन आणि बोहेमियाच्या जंगलातून येणारी काळसर इल्त्स. गावाच्या टोकावर उभं राहिलं की तिन्ही रंग काही अंतर वेगवेगळे वाहताना दिसतात.

सेंट श्टेफानच्या कॅथीड्रलमध्ये १७,९७४ नळ्यांचा ऑर्गन आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. मोसमात दुपारी बारा वाजता छोटी मैफल असते, रविवार आणि सुट्ट्या वगळून. त्या दिवशी आहे का, ते विचारून जा.

टाउन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत, त्या चुकवू नका. २०१३ च्या जूनमधल्या पुरात पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. त्याच्या वर खूण आहे ती फक्त १५०१ सालची. रेघ तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर असते. पुढचा आठवडाभर जिला संथ आणि गोड म्हणणार आहात, ती ही नदी.

लिंत्सला उतरावं की तिथून साल्झबुर्गला जावं?

साल्झबुर्गला बसने जाऊन यायचं तर दिवस संपतो आणि संगीतकार मोत्सार्टच्या जन्मघरासमोर रांग लागते. साल्झबुर्गला वेगळे दोन दिवस द्यावेत. लिंत्समध्ये नदीकाठीच समोरासमोर दोन आधुनिक इमारती आहेत: लेंटोस कलासंग्रहालय आणि तंत्रज्ञान आणि कला यांची सांगड घालणारं आर्स इलेक्ट्रॉनिका केंद्र. मुलं बरोबर असतील तर दुसरं. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणारा योहान्नेस केप्लर १६१२ पासून बरीच वर्षं या गावात होता. तिसरा नियम त्याला इथेच सापडला.

माउटहाउझेनची छळछावणी पाहावी का? सहलीत असं काही बघायला मन होत नाही.

मन होणार नाहीच. तरी जा, असं सांगेन.

लिंत्सपासून वीसेक किलोमीटरवर, डॅन्यूबच्या काठी हे गाव आहे. इथल्या ग्रॅनाइटच्या खाणीतून एकेकाळी व्हिएन्नाच्या रस्त्यांच्या फरशा जात. १९३८ साली नाझींनी त्याच खाणीसाठी इथे छावणी उभारली. माउटहाउझेन आणि तिच्या उपछावण्यांत मिळून सुमारे १,९०,००० माणसं डांबली गेली, त्यांतली किमान ९०,००० मेली. ५ मे १९४५ रोजी अमेरिकी सैन्य पोचलं. खाणीतून वर येणाऱ्या १८६ पायऱ्यांवरून कैद्यांना पाठीवर दगड घेऊन चढायला लावत. टेकडीवरून बघितलं की खाली हिरवी शेतं, चर्चचा मनोरा आणि दूरवर नदी दिसते. हे सगळं लोकवस्तीपासून इतकं जवळ होतं, हे तिथे उभं राहिल्यावरच उमगतं.

स्मारकाला प्रवेशशुल्क नाही. तेरा-चौदा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं मला वाटतं. आणि त्याच दुपारी वाइन चाखण्याची सहल जोडून विकत असतील तर ती घेऊ नका.

मेल्कच्या मठात काय विशेष?

१०८९ पासून इथे बेनेडिक्टाइन साधू राहतात आणि आजही शाळा चालवतात. सध्याची पिवळीधमक, बरोक या भपकेदार शैलीतली इमारत याकोब प्रांटाउअरच्या आराखड्यानुसार १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली. बघायचं ते ग्रंथालय. सुमारे एक लाख ग्रंथ, भिंतभर लाकडी कपाटं, वर पाउल ट्रोगरने रंगवलेलं छत. आत फोटो काढू देत नाहीत, ही कृपाच आहे. मान वर करून छत बघायला लोकांना तेवढाच वेळ मिळतो.

अडचण अशी की सगळ्या कंपन्यांची जहाजं इथे एकाच सुमाराला लागतात आणि दालनांतून गटामागून गट पुढे सरकत राहतो. कानातल्या यंत्रातून गाइड बोलत असतो तोवर मागचा गट टाचेवर येतो. पर्याय दिला असेल तर दिवसाची पहिली किंवा शेवटची फेरी मागून घ्या.

वाखाउचं खोरं जहाजातून बघायचं की उतरून?

मेल्क ते क्रेम्स हा सुमारे ३६ किलोमीटरचा पट्टा. २००० सालापासून तो जागतिक वारसा आहे. जहाज तो मुद्दाम दिवसा पार करतं. त्या दोन-अडीच तासांत डेकवरून हलू नका. उतारांवर दगडी बांध घालून केलेल्या द्राक्षांच्या पायऱ्या, जर्दाळूच्या बागा, वळणावळणावर पडके किल्ले.

डाव्या काठाला विलेनडॉर्फ नावाचं खेडं येतं. लक्ष ठेवलं नाही तर निघून जातं. १९०८ साली रेल्वेमार्गाच्या कामाच्या वेळी इथे उत्खननात चुनखडीची ११ सेंटिमीटरची एक स्त्रीमूर्ती सापडली, सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची. तिची भेट पुढे व्हिएन्नात.

ड्यूर्नश्टाइनला थांबा असेल तर निळ्या मनोऱ्याच्या चर्चवर आणि जर्दाळूच्या जॅमवर वेळ घालवण्याआधी वरच्या पडक्या किल्ल्यावर चढा. अर्ध्या तासाची चढण आहे, बूट चांगले हवेत. धर्मयुद्धावरून परतणारा इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२ च्या डिसेंबरात व्हिएन्नाजवळ पकडला गेला आणि इथे कैदेत पडला. ऑस्ट्रियाचा ड्यूक पाचवा लेओपोल्ट याचा निशाण आक्र या बंदरातल्या विजयानंतर रिचर्डने खाली फेकायला लावला होता, तो राग. सुटकेसाठी इंग्लंडने टनांनी चांदी मोजली. लेओपोल्टच्या वाट्याला आलेल्या चांदीतून व्हिएन्नाची तटबंदी वाढली आणि वीनर नॉयश्टाट हे नवं गाव वसलं.

व्हिएन्नात दोनच संग्रहालयं निवडायची तर कोणती?

आधी हे लक्षात घ्या की मूळ शहर डॅन्यूबच्या मुख्य प्रवाहावर नाही. जहाज बहुधा राइश्सब्रुकं पुलाजवळ लागतं. तिथून दहा मिनिटं चालत फोरगार्टनश्ट्रासे स्थानक, मग लाल यू१ मेट्रोने चार स्थानकं की श्टेफान्सप्लात्स, शहराचं हृदय. पुढे यू३ ने दोन स्थानकं गेलात की फोल्क्सथिएटर, आणि तिथेच मारिया तेरेझिया चौकात समोरासमोर दोन जुळ्या इमारती उभ्या आहेत. स्थानकावर फाटक नसतं, पण तिकिटावर यंत्रात शिक्का मारायचा असतो. तपासनीस आला तर 'माहीत नव्हतं' चालत नाही.

माझी निवड याच दोन जुळ्या इमारती. रस्ताही ओलांडावा लागत नाही.

निसर्गविज्ञान संग्रहालयात सरळ विलेनडॉर्फच्या मूर्तीकडे जा. ती छोट्या, अंधाऱ्या कक्षात एकटी ठेवली आहे. फोटोंमुळे ती मोठी असेल असं वाटत असतं, प्रत्यक्षात मुठीत मावेल एवढी आहे. चेहरा नाही. डोक्याभोवती वेण्या किंवा विणलेली टोपी असावी अशा ओळी. तांबड्या गेरूचे अंश अजून अंगावर आहेत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हा दगड डॅन्यूबच्या खोऱ्यातला नाही, बहुधा उत्तर इटलीतला आहे. म्हणजे हिमयुगात कुणीतरी, किंवा पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी, तो आल्प्सच्या पलीकडून इथवर आणला. काल जहाजातून दिसलेलं खेडं डोळ्यांसमोर आणा आणि पाच मिनिटं तिथे थांबा.

मग समोरच्या कलासंग्रहालयात, ब्रूगेलच्या दालनात. थोरल्या पीटर ब्रूगेलची चित्रं जगात मोजकीच उरली आहेत, त्यांतली डझनभर एकट्या या इमारतीत आहेत. इतकी दुसरीकडे कुठेही नाहीत. १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी' आधी लांबून बघा: हिरवट आभाळ, काळी झाडं, खाली गोठलेली तळी. मग जवळ जा. तीन शिकारी पाठमोरे परततायत आणि एवढ्या कुत्र्यांच्या लवाजम्यानंतर हाती आला आहे एक मरतुकडा कोल्हा. कुत्री मान खाली घालून चालली आहेत. डावीकडे खाणावळीची पाटी एका कडीवरून निसटून लोंबकळते आहे, तिच्याखाली माणसं जाळ करतायत. आणि दूर बर्फावर मुंगीएवढी माणसं घसरगुंडी खेळतायत, त्यांना शिकाऱ्यांच्या उपासमारीचं काही पडलेलं नाही. याच खोलीत १५६३ चा 'बाबेलचा मनोरा' आणि गावातल्या लग्नाची पंगतही आहे. बाकावर बसायला जागा असते. बसा.

वेळ उरला तर त्याच इमारतीत सोनार-शिल्पकार चेल्लिनीचं सोन्याचं मीठदाणं आहे. २००३ साली ते चोरीला गेलं आणि २००६ साली जंगलात पुरलेलं सापडलं. चित्रकार क्लिम्टचं 'चुंबन' बघायचंच असेल तर बेल्व्हेडेअर महालातल्या संग्रहालयात जावं लागेल. चित्र सुंदर आहे, पण समोर मोबाइलची भिंत असते.

व्हिएन्नातला शोनब्रुन हा शाही महाल सोडून कसं चालेल?

चालतं. १,४४१ खोल्यांपैकी पर्यटकांना चाळीसेक दाखवतात आणि त्याही रेटारेटीत. पण भारतीयाने जावं असं एक कारण तिथे आहे, ते पुढच्या उत्तरात.

भारताशी नातं सांगणारं काही या मार्गावर दिसतं का?

हो, आणि गाइड ते सहसा सांगत नाहीत.

शोनब्रुनमध्ये 'मिलिओनेनत्सिमर' नावाची खोली आहे. शिसवीसारख्या किमती लाकडाच्या तावदानांत सोनेरी चौकटी, आणि त्या चौकटींत मुघल लघुचित्रं. शिकारी, दरबार, जनाना. जवळ गेलं की कळतं की ही चित्रं जशीच्या तशी लावलेली नाहीत. वेलबुट्टीदार चौकटीत बसावीत म्हणून ती कातरून, तुकडे जोडून नवी दृश्यं केली आहेत. सम्राज्ञी मारिया तेरेझियाच्या काळातली ही हौस. बघून आनंदही होतो आणि चीडही येते. छोट्या तिकिटात ही खोली येत नाही. मोठी फेरी घ्यावी लागते, तिकीट काढताना नीट विचारा.

व्हिएन्ना विद्यापीठाचा मुंबईशी जुना धागा आहे. गेऑर्ग ब्यूलर हे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते, मुंबई इलाख्यात त्यांनी संस्कृत हस्तलिखितं गोळा केली, आणि पुढे ते व्हिएन्नात प्राध्यापक झाले.

बुडापेस्टमध्ये १९१३ साली अमृता शेरगिलचा जन्म झाला. आई हंगेरियन. तिची बहुतेक चित्रं मात्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, तेव्हा ती आपल्याकडेच बघावीत. बुडापेस्टला आंद्राशी रस्त्यावर फेरेन्स होप यांचं आशियाई कलेचं संग्रहालय आहे. पाच वेळा जगप्रदक्षिणा केलेल्या या व्यापाऱ्याने आपला बंगला आणि संग्रह मृत्युपत्राने देऊन टाकला. जागा लहान, गर्दी नाही.

ब्रातिस्लाव्हा अर्ध्या दिवसात होतं का?

आरामात. जहाजातून उतरलात की जुनं गाव पाच मिनिटांवर. सेंट मार्टिनचं कॅथीड्रल तेवढं नीट बघा. तुर्कांनी हंगेरीची राजधानी बुडा (आजच्या बुडापेस्टचा भाग) घेतल्यावर हंगेरीचे राज्याभिषेक इथे होऊ लागले, १५६३ ते १८३०. मारिया तेरेझियाचाही, १७४१ साली. मनोऱ्याच्या टोकावर क्रूसाऐवजी सोनेरी मुकुट आहे. गटाराच्या झाकणातून डोकावणाऱ्या कामगाराच्या पुतळ्यासमोर फोटोसाठी रांग असते, ती तुमच्या हौसेवर.

बुडापेस्टला शेवटच्या दिवशी काय गाठावं?

संसद. २६८ मीटर लांबीची ही इमारत रात्री जहाजातून बघायला सगळे डेकवर येतातच, पण आत जायला ठरावीक वेळेचं तिकीट आणि मार्गदर्शकासहच प्रवेश असतो. मोसमात ते काही आठवडे आधी संपतं. युरोपीय संघाबाहेरच्यांना दर जवळपास दुप्पट. आत हंगेरीचा पवित्र मुकुट आहे, वरचा क्रूस कललेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो अमेरिकेत होता, १९७८ साली परत आला.

बाहेर पडून नदीच्या काठाने दक्षिणेकडे चाललात की धक्क्याच्या कडेला लोखंडी जोडे दिसतात. साठ जोड. १९४४-४५ मध्ये हंगेरीच्या 'अ‍ॅरो क्रॉस' या फासिस्टांनी ज्यूंना इथे उभं करून, जोडे काढायला लावून नदीत गोळ्या घातल्या. जोडे तेव्हा महाग होते. स्मारक २००५ चं आहे. टाचा झिजलेल्या, नाड्या सुटलेल्या, मध्येच एक लहान मुलाचा. त्यांच्यात पाय घालून फोटो काढणारे दिसतात. आपण नको.

कलेत रस असेल तर पिवळ्या एम१ मेट्रोने वीरांच्या चौकात, ललितकला संग्रहालयात जा. ही मेट्रो १८९६ ची आहे. आणि सगळ्यांनी टाळलेलं एक नाव सुचवतो: शहराच्या ओबुडा या भागातलं आक्विंकुम. डॅन्यूब ही रोमन साम्राज्याची सरहद्द होती, आणि हे त्या सरहद्दीवरचं शहर. इथे इसवी सन २२८ च्या एका ऑर्गनचे अवशेष आहेत. पासाऊला १७,९७४ नळ्यांचा ऐकून निघालात, तर त्याचा हा रोमन पूर्वज बघून परतावं.

चित्रकलेतलं काही कळत नाही. तरी जावं का?

जावं. ऑडिओ गाइड घ्या पण सगळे आकडे दाबत बसू नका. एका दालनात एक चित्र निवडायचं आणि त्यात माणसं काय करतायत ते बघायचं. दीड तासानंतर बाहेर पडायचं. कलासंग्रहालयाच्या घुमटाखाली कॅफे आहे. तिथली कॉफी महाग आहे पण घुमट फुकट आहे. पाठीवरची सॅक, छत्री, ओला कोट क्लोकरूममध्ये ठेवावा लागतो. फ्लॅश कुठेच चालत नाही.

पाणी कमी किंवा जास्त झालं तर?

जहाज अडतं. पाणी कमी असेल तर तळ टेकतो, जास्त असेल तर पुलांखालून जाता येत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात पाणी उतरतं. वसंतात, कधी जूनमध्येही, चढतं. सप्टेंबर २०२४ च्या पुरात तर ऑस्ट्रियात वाहतूकच थांबली होती. पासाऊच्या वरचा श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा मोकळा वाहणारा टप्पा उथळ आहे, म्हणून न्यूर्नबर्गहून निघणाऱ्या क्रूझला धोका जास्त. अशा वेळी कंपनी बसने पुढे नेते, कधी पुढच्या बाजूला अडकलेल्या दुसऱ्या जहाजात बसवते. करारात याची भरपाई सहसा नसते. बारीक अक्षरं वाचूनच पैसे भरा.

व्हिसा कोणत्या देशाचा?

चारही देश शेंगेनमध्ये आहेत, व्हिसा एकच. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याच्याकडे अर्ज, मुक्काम सारखे असतील तर जिथून प्रवेश त्याच्याकडे. या मार्गावर बहुतेकदा ऑस्ट्रिया येतो, पण पुढे-मागे बुडापेस्टला हॉटेलात राहणार असाल तर रात्री मोजा. कंपनीकडून बंदर आणि तारीख लिहिलेलं पत्र मागून घ्या. मोठ्यांचं शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनच्या सहलीसाठी मुंबई-पुण्यात अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. बुडापेस्टच्या पुढे बेलग्रेडला जाणारी क्रूझ शेंगेनबाहेर जाते. परत यायचं असेल तर मल्टिपल एन्ट्री हवी.

शाकाहारी जेवणाचं काय?

जहाजावर सोय होते, बुकिंगच्या वेळी लेखी कळवलं तर. सूपचा मूळ रस्सा मांसाचा असतो, भाजीचं सूप असलं तरी विचारा. जैन जेवण कठीण. काठावर जर्दाळू भरलेले गोड गोळे, चीज घातलेले श्पेट्झलं (पिठाचे मऊ, छोटे तुकडे), बुडापेस्टला लांगोश (तळलेली जाड पुरी). मेतकूट, लोणचं, चटण्या न्या. तूप, खव्याची मिठाई मात्र नको: दुग्धजन्य पदार्थ आणि मांस युरोपीय संघात आणायला बंदी आहे.

आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे.

जहाज सोपं, गावं अवघड. सगळीकडे दगडी फरसबंदी. गर्दीच्या धक्क्यावर दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून लागतात, मग दुसऱ्यांच्या जहाजातून, कधी वरच्या डेकवरून जिने चढून-उतरून काठावर जावं लागतं. लिफ्ट असली तरी ती सर्व मजल्यांवर जातेच असं नाही. बहुतेक कंपन्या सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करतात, लाज न बाळगता त्यात नाव द्या. मोठ्या संग्रहालयांत व्हीलचेअर मिळते.

पैसे रोख न्यावेत का?

थोडे युरो. हंगेरीत फोरिंट. एटीएमने 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर लुटीचा असतो. टिप तिकिटात आहे की शेवटी वेगळी, हे आधीच विचारा.

नाताळ बाजाराची क्रूझ संग्रहालयांसाठी बरी का?

दालनं उन्हाळ्यापेक्षा मोकळी असतात, हे खरं. पण चार वाजता अंधार पडतो, वाखाउ धुक्यात जातं आणि सगळे थांबे बाजाराभोवती आखलेले असतात. बर्फ बघायला म्हणून जाऊ नका. बर्फ असेलच असं नाही, ते ब्रूगेलकडे हमखास आहे.

संग्रहालयात रमलो आणि जहाज सुटलं तर?

पुढचं बंदर गाठायचं. व्हिएन्ना ते ब्रातिस्लाव्हा रेल्वेने साधारण तास, ब्रातिस्लाव्हा ते बुडापेस्ट अडीच तासांच्या आसपास, आणि जहाज या दोन्हींपेक्षा पुष्कळ हळू जातं. जहाजाचं कार्ड, रिसेप्शनचा फोन नंबर आणि धक्क्याचा क्रमांक खिशात ठेवा. एकाच शहरात डझनभर धक्के असतात आणि 'डॅन्यूबवरचं जहाज' एवढं सांगून टॅक्सीवाला कुठे नेणार? काही जहाजांवर पासपोर्ट रिसेप्शनला जमा करतात. तेव्हा उतरताना त्याची छायाप्रत आणि मोबाइलमध्ये व्हिसाचा फोटो हवाच.